नाव काढलं म्हणजे देणी बुडाली असं नाही

बंद पडलेल्या कंपनीचं नाव रजिस्ट्रारने (कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने) पटावरून काढलंय, त्यामुळे भावाचा आठ महिन्यांचा पगार गेलाच, असं तुम्ही लिहिलंय. तसं अजिबात धरून चालू नका.

कंपनी कायदा २०१३ चं कलम २५० पाहा. नाव काढल्यावरही येणी वसूल करणं आणि देणी फेडणं एवढ्यापुरती कंपनी जिवंत धरली जाते. संचालकांची जबाबदारीही कलम २४८ प्रमाणे कायम राहते. शिवाय कलम २५२ खाली कामगार स्वतः एनसीएलटीकडे (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे) नाव पुन्हा लावायचा अर्ज करू शकतो, राजपत्रात सूचना छापल्यापासून २० वर्षांच्या आत. मात्र २० वर्षं ऐकून निवांत बसू नका, पगाराच्या दाव्याची मुदत वेगळी मोजतात.

माझ्या काकांकडे नेमणूकपत्र आणि पगाराच्या स्लिपा दुधाच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर ठेवलेल्या होत्या. वकिलांनी पहिल्यांदा तेच मागितलं. भावाला आजच कागद शोधायला सांगा, बँकेचं पासबुकसुद्धा.

कंपनी लिक्विडेशनमधून, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवायच्या प्रक्रियेतून, विसर्जित झाली असेल तर मात्र वाट वेगळी. आदेश नेमका कोणत्या कलमाखाली निघालाय, तेवढं इथे लिहा.