मदत हवी आहे: बर्फावर झोपायला मॅट कोणती घ्यावी? (केदारकांठा, डिसेंबर)

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात केदारकांठ्याला (उत्तराखंडातला हिमालयातला ट्रेक) जायचं ठरलंय. मी आणि माझी धाकटी बहीण, दोघी पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. सांक्रीहून चढायला सुरुवात, पहिला मुक्काम जुडा का तालावर (साधारण ९,१०० फूट), दुसरा त्याच्याही वर, आणि माथा १२,५०० फूट. तंबू आयोजकांचा, स्लीपिंग बॅग माझी स्वतःची. घोडं अडलंय ते मॅटपाशी.

आधी मागची कथा सांगते, म्हणजे प्रश्न का पडला ते कळेल. गेल्या फेब्रुवारीत ब्रह्मतालला गेले होते. स्लीपिंग बॅगेवर उणे १० अंश लिहिलेलं, आत थर्मल, फ्लीस, लोकरीचे मोजे, कानटोपी, सगळा जामानिमा. तरी रात्रभर झोप नाही. गंमत अशी की पोट-छाती व्यवस्थित गरम. थंडी वाजत होती ती पाठीला, आणि कुशीवर वळलं की खांद्याला नि कमरेच्या हाडाला. आयोजकांनी दिलेली मॅट करंगळीएवढीही जाड नव्हती, कित्येक हंगाम लोकांनी लोळून लोळून तिची पोळी झालेली. दोन वाजता उठून अंगातलं जॅकेट काढून पाठीखाली सरकवलं, तेव्हा कुठे तासभर डोळा लागला. सकाळी तंबू उचलला तर खालच्या बर्फात माझ्या आकाराचा उथळ खळगा, वरून काचेसारखा गुळगुळीत. खांदा कुठे होता, कंबर कुठे होती, बोटाने दाखवता येत होतं. म्हणजे रात्रभर मी बर्फ वितळवत पडले होते!

परत आल्यावर आणखी गरम बॅग घ्यायला दुकानात गेले, तर तिथला मुलगा म्हणाला, "काकू, वर काय घेता ते कळलं, खाली काय घेता?" तेव्हापासून डोक्यात हेच.

पर्याय असे दिसतायत. नेहमीची फोमची कॅरीमॅट आहेच, तशीच आणखी एक घेऊन दोन्ही एकावर एक टाकायच्या. नाहीतर सेल्फ-इन्फ्लेटिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडला की आतला स्पंज फुलतो आणि स्वतःच हवा ओढून घेतो ती. तिसरा पर्याय, दीर डिसेंबरात न्यू जर्सीहून येतायत, त्यांच्याकडून थर्मारेस्ट कंपनीची एक्सथर्म ही हवेची मॅट मागवायची. आर व्हॅल्यू (थंडी अडवायचं माप) ७.३, वजन अर्ध्या किलोच्या आत, पण किंमत दोनशे डॉलरच्या वर. वर्षातून एकदा हिमालय आणि एरवी हरिश्चंद्रगड-रतनगड करणाऱ्या बाईने एवढे पैसे घालावेत का? माझं बजेट पाच-सहा हजार. मी कुशीवर झोपते, खांदे कुरकुरतात, हेही लक्षात घ्या. आणि आर व्हॅल्यू किती असली म्हणजे पुरे?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद

ताई, तुमची बॅग निर्दोष होती. बॅगेतली पिसं किंवा फायबर गरम ठेवतात ते त्यांच्यात अडकलेल्या हवेमुळे. आपण त्यावर आडवे झालो की खालची बाजू दबते, हवा जाते, आणि उरतो नुसता कापडाचा थर. त्यामुळे खालची थंडी अडवायची सगळी जबाबदारी मॅटची. बॅगेवरचा आकडासुद्धा प्रयोगशाळेत पुतळ्याला मॅटवर झोपवूनच काढतात, चांगली मॅट असणार हे त्यात गृहीत असतं. शिवाय ते उणे १० कम्फर्टचं (आरामात झोप लागेल ते तापमान) होतं की लिमिटचं (कशीबशी रात्र निघेल ते), ते लेबलवर बघा. कम्फर्टचा आकडा स्त्रीच्या शरीरावर बेतलेला असतो, लिमिटचा पुरुषाच्या. आपल्याकडे बऱ्याच बॅगांवर ठळक अक्षरात एकच आकडा छापतात, तो बहुधा कंपनीच्या सोयीचा असतो.

आर व्हॅल्यू म्हणजे मॅट उष्णतेला किती अडवते त्याचं माप. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजायची, तुलनेला काही अर्थ नव्हता. २०१८ मध्ये एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं एफ ३३४० हे मानक आलं, त्यानुसार मोजलेले आकडेच एकमेकांशी ताडून बघा. सह्याद्रीतल्या हिवाळ्याला दीड-दोन पुरते. बर्फावर किमान चार, तुमच्यासारख्या थंडी लागणाऱ्याला पाच. आणि कामाची गोष्ट: दोन मॅटच्या आर व्हॅल्यूंची सरळ बेरीज होते. दोन आणि अडीच, साडेचार.

प्रतिसाद

दोन कॅरीमॅट. विषय संपला.

बरं, थोडं लिहितो. उत्तरकाशीला निममध्ये (नेहरू पर्वतारोहण संस्थेत) गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केला तेव्हापासून फोमवरच झोपतोय. फोम पंक्चर होत नाही, फुगवावा लागत नाही, जेवताना बसायला होतो. (कॅरीमॅट हे मुळात कॅरिमोर या ब्रिटिश कंपनीच्या मॅटचं नाव. आपण डालड्यासारखं सगळ्यांनाच चिकटवलंय.) फक्त फोम बघून घ्या. टीव्हीच्या खोक्यात येतो तसा पांढरा, कुरकुरणारा फोम दोन ट्रिपांत बसतो. नख दाबून धरा आणि सोडा, खूण लगेच भरून आली तर घ्या. जाडी १० मिमीच्या खाली नको. मॅट आखूड पडली तर पायाखाली रिकामी सॅक टाकायची, सॅकचा पाठीकडचा भाग आधीच गादीचा असतो.

प्रतिसाद

मॅटखाली चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेट टाका. शंभर-दीडशे रुपयांत काम होतं. आम्ही नेहमी टाकतो.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाला आदरपूर्वक असहमती. चकचकीत पृष्ठभाग उष्णता परत फेकतो तो मध्ये हवेची फट असेल तर. अंगाखाली दाबलेल्या पन्नीतून उष्णता थेट स्पर्शाने खाली जाते, तिथे चंदेरी असून काय उपयोग? पाणी अडवायला ठीक, पण कूस बदलली की चिप्सचं पाकीट फोडल्यासारखा आवाज. शेजारी झोपणाऱ्याचे शाप लागतात.

हवेच्या मॅटबद्दल स्वानुभव. एक: "कॅम्पिंग एअर बेड" म्हणून मिळणाऱ्या साध्या फुगवायच्या गाद्या बर्फावर अजिबात नेऊ नका. आतली हवा मोकळी फिरते आणि खालची थंडी वर आणून पोचवते. इन्सुलेशन असलेलीच हवी. दोन: संध्याकाळी टम्म फुगवलेली मॅट रात्री मऊ पडली तर लगेच पंक्चर शोधत बसू नका. २० अंशांची हवा उणे १० वर आली की दहा टक्क्यांनी आकसते. तंबू थंड झाला की झोपायच्या आधी चार फुंका आणखी मारायच्या. खरं तर तोंडाने फुगवूच नये, श्वासातली वाफ आत जाऊन साठते. पंपाची पिशवी मिळते ती वापरा. तीन: खरंच पंक्चर झाली तर मध्यरात्री बर्फात तुमच्याकडे फक्त दोन कापडं उरतात. माझी झाली होती, तंबूत मायक्रोस्पाइक्स (बर्फावर चालायला बुटांना लावायचे टोकदार खिळे) घेऊन आलेल्या मित्राच्या कृपेने. म्हणून हवेच्या मॅटबरोबर एक फोम हवाच.

प्रतिसाद

फोम खाली की वर? आमच्या ग्रुपमध्ये यावरून भांडणं झालीत. वर टाकला तर अंगाला लगेच ऊब लागते, खाली टाकला तर हवेच्या मॅटला काटेकुटे लागत नाहीत. कुशीवर झोपणाऱ्याने खाली टाकावा, नाहीतर फोमवरून रात्रभर घसरत राहाल. आणि तंबू लावायच्या आधी बर्फ पायांनी चांगला तुडवून घ्या, थोडा वेळ घट्ट होऊ द्या. भुसभुशीत बर्फावर झोपलात की खळगा आणखी खोल.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. पन्नीवाले दादा, रागावू नका, पन्नी घेतेय, पण बुटांखाली घालायला.

मधल्या दिवसांत एक उद्योग केला. स्टीलच्या ताटात बोटभर पाणी घालून फ्रीझरमध्ये गोठवलं, कडेला पाण्याचे थेंब दिसू लागेपर्यंत ओट्यावर ठेवलं, वर मॅट, आणि मॅटवर गरम पाण्याची पिशवी पंधरा मिनिटं. मग ताट कलतं करून वितळलेलं पाणी पोहे खायच्या चमच्याने मोजलं. प्रत्येक वेळी नवीन ताट. योगा मॅटखाली पाच चमचे. माझ्या कॅरीमॅटखाली दोनाला थोडं कमी. दोन कॅरीमॅट एकावर एक टाकल्या (एक शेजारणीची), तर जेमतेम एक. शास्त्रज्ञांनी हसू नये, पण ब्रह्मतालचा खळगा माझ्या ओट्यावर पुन्हा बघितला. योगा मॅट दिसायला सगळ्यांत जाड आणि वजनाला सगळ्यांत जड होती, हे विशेष. नवरा म्हणाला, फ्रीझरमध्ये मटारला जागा ठेव.

निर्णय असा: अडीच आर व्हॅल्यूची सेल्फ-इन्फ्लेटिंग घेतली, बजेटात बसली. तिच्याखाली माझी कॅरीमॅट. बेरीज चारच्या आसपास जाते. आयोजकांना फोन करून विचारलं, ते प्रत्येकी एक मॅट देतातच, ती सगळ्यांत तळाला. तिचीही पोळी झालेली असली तरी काही ना काही भर पडेलच. काल रात्री गॅलरीतल्या फरशीवर झोपून बघितलं, खांदा टेकत नाही, हाच मोठा दिलासा. एक्सथर्म दिरांना आणू नका म्हणून कळवलं. ते उलट खूश, बॅगेत जागा झाली.

सेल्फ-इन्फ्लेटिंगवाल्यांना एकच शंका: घरी ठेवताना व्हॉल्व्ह उघडा ठेवून पसरून ठेवायची म्हणतात, गुंडाळून ठेवली तर स्पंज फुलायचं विसरतो. पलंगाखाली जागा आहे, पण तिथे मांजर झोपतं. नखांचं काय करू?

प्रतिसाद

कपाटामागे उभी ठेवा. व्हॉल्व्ह उघडा, तोंड वर. बहिणीची सोय काय केलीत?

धागाकर्तीचा प्रतिसाद

ती म्हणते, एका मॅटवर भागवेन, मला कुठे थंडी वाजते. शेजारणीची कॅरीमॅट मी परत दिलेली नाही. माझ्या सॅकला बांधून ठेवली आहे.