नीट पुन्हा देणाऱ्यांसाठी प्रयत्नांची मर्यादा असावी का?

पाटीपेन्सिल

वैद्यकीय प्रवेशासाठीची नीट आज कितीही वेळा देता येते. २०१८ साली खुल्या गटासाठी २५ आणि राखीव गटांसाठी ३० अशी कमाल वयाची अट घातली गेली होती; राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये तीही काढून टाकली. परिणामी बारावीचे वर्ष सांभाळून पहिल्यांदाच बसणारा मुलगा आणि दोन वर्षे दुसरे काहीही न करता केवळ याच परीक्षेची तयारी केलेला मुलगा एकाच गुणवत्ता यादीत येतात, आणि त्या यादीला दोघांतला फरक दिसत नाही. माझा प्रस्ताव असा आहे की कोणालाही जास्तीत जास्त तीन प्रयत्न असावेत, तेही लागोपाठच्या तीन वर्षांत, आणि ज्याने एमबीबीएसची जागा एकदा स्वीकारली आहे त्याला अधिक चांगल्या महाविद्यालयासाठी पुन्हा बसू देऊ नये.

यात जगावेगळे काही नाही. आयआयटीसाठीची जेईई ॲडव्हान्स्ड लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते, आणि एकदा आयआयटीत जागा घेतली की तो दरवाजा बंद होतो. अभियंता होऊ पाहणाऱ्याला दोन संधी पुरेशा आहेत असे आपण मानतो, तर डॉक्टर होऊ पाहणाऱ्याला अमर्याद संधी कशासाठी?

पुन्हा बसण्याचा फायदा या परीक्षेत विशेष मोठा आहे, याचे कारण तिच्या रचनेतच आहे. ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे आहेत आणि त्यातले बहुतेक प्रश्न एनसीईआरटीच्या पुस्तकातल्या ओळींवर बेतलेले असतात, त्यामुळे जितकी पारायणे जास्त तितके गुण जास्त. फेब्रुवारी-मार्चमध्ये मंडळाची परीक्षा, त्याआधी प्रात्यक्षिके, आणि मेच्या आरंभी नीट, अशा धावपळीतल्या मुलाने ही पारायणे करायची केव्हा? तमिळनाडू सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती ए. के. राजन समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार त्या राज्यात एमबीबीएसला प्रवेश मिळालेल्यांत पुन्हा बसणाऱ्यांचे प्रमाण २०१६-१७ मध्ये १२.४७ टक्के होते आणि २०२०-२१ मध्ये ते ७१.४२ टक्क्यांवर गेले. हे आकडे पाहून तरी आपण विचार करायला हवा.

मांजराकाठचा

मी लातुरात, म्हणजे नीटच्या शिकवण्यांच्या गावात, शिकवतो, त्यामुळे माझ्या मताकडे हितसंबंधी माणसाचे मत म्हणून पाहिले गेले तरी माझी तक्रार नाही. तरीही राजन समितीचे आकडे आपण ज्या अर्थाने वापरले आहेत तो अर्थ त्यातून निघत नाही. २०१६-१७ मध्ये तमिळनाडूतले सरकारी प्रवेश नीटवर झालेच नव्हते. ते बारावीच्या गुणांवर झाले होते. म्हणजे आपण नीटमधल्या दोन वर्षांची तुलना करीत नसून दोन निरनिराळ्या प्रवेशपद्धतींची तुलना करीत आहात. बारावीचे गुण एकदा मिळाले की विषय संपत असे, तिथे पुन्हा बसणारे कमी असणारच. त्या समितीचा रोखही पुन्हा बसणाऱ्या मुलावर नव्हता, नीटवर होता.

आता इथले सांगतो. राज्य मंडळातून, त्यातही मराठी माध्यमातून दहावी झालेला मुलगा अकरावीत येतो तेव्हा पहिले सहा महिने तो विषय नव्हे, विषयाची इंग्रजी परिभाषाच शिकत असतो. नीटची प्रश्नपत्रिका मराठीत मिळते हे खरे, पण तिच्या तयारीचे चांगले साहित्य मराठीत जवळजवळ नाही. मंडळाचे पुस्तक एक, नीटचे पुस्तक दुसरे. रिपीटर तुकडीच्या जुलैतल्या पहिल्या चाचण्यांत काय होते ते पाहा. मुलगा जीवशास्त्राच्या ९० प्रश्नांवर सव्वा ते दीड तास घालवतो, रसायनशास्त्र कसेबसे उरकतो आणि भौतिकशास्त्राला पोहोचतो तेव्हा हाती पंचवीस मिनिटे उरलेली असतात. मग घाईघाईत गोळे रंगवतो आणि प्रत्येक चुकीला एक गुण गमावतो. तोच मुलगा जानेवारीत जीवशास्त्र पाऊण तासात संपवून भौतिकशास्त्राला सव्वा तास देतो. या सहा महिन्यांत त्याने केवळ पाठांतर केले असे म्हणणे अन्यायाचे आहे. शहरातल्या मुलाला आठवीपासून फाउंडेशनच्या वर्गांत जे मिळाले, ते याला बारावीनंतर मिळाले, एवढाच फरक आहे.

आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही. ज्याच्या वडिलांकडे पैसा आहे तो पुन्हा बसतच नाही. अभिमत विद्यापीठात वर्षाला वीस लाखांच्या पुढे शुल्क भरण्याची तयारी असेल तर पुष्कळ कमी गुणांवर त्याच वर्षी एमबीबीएस सुरू होते; खासगी महाविद्यालयांतल्या संस्थात्मक कोट्याचीही तीच कथा. सरकारी महाविद्यालयाशिवाय ज्याला दुसरा पर्यायच नाही तो ड्रॉप घेतो, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा तयारी करतो. आपली मर्यादा नेमकी त्याच्यावर पडेल.

पाटीपेन्सिल

राजन समितीच्या पायाभूत वर्षाबद्दलचा आपला मुद्दा योग्य आहे आणि तो लक्षात घेऊनच त्या आकड्यांकडे पाहायला हवे. मात्र वर्षभर लातूर-नांदेडला खोली, मेस आणि शिकवणी यांचा खर्च उचलणारा शेतकरी आणि तो उचलू न शकणारा शेतमजूर, यांच्यात आपण फरक करीत नाही. शेतमजुराची मुलगी पहिल्या प्रयत्नात थोडक्यात हुकली तर बी.एस्सी. किंवा नर्सिंगला जाते; तिच्यावर मात करून जागा मिळवतो तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा खर्च परवडणारा. अभिमत विद्यापीठातला धनिक या दोघांच्या स्पर्धेत नाहीच. सरकारी जागांच्या यादीत खरी लढत थोडे असलेले आणि काहीच नसलेले यांच्यात आहे.

गणितमास्तर

दोघेही समाजशास्त्रात शिरला आहात, म्हणून थोडे अंकगणित.

२०२४ च्या परीक्षेत ६५० गुण मिळवूनही खुल्या गटातल्या विद्यार्थ्याला अखिल भारतीय कोट्यातली सरकारी जागा मिळत नव्हती. २०२५ मध्ये भौतिकशास्त्राचा भाग इतका अवघड निघाला की देशात सर्वाधिक गुण ६८६ होते आणि ६५० च्या पुढे शंभर विद्यार्थीही नव्हते. एका वर्षी ६५० वर दार बंद आणि पुढच्या वर्षी त्याच गुणांवर देशातले पहिले शंभर! क्रमांक त्या त्या वर्षापुरताच लागत असल्याने गुण सोपे की अवघड याने तत्त्वतः फरक पडू नये. प्रत्यक्षात पडतो, कारण सोप्या प्रश्नपत्रिकेत एकेका गुणावर शेकडो विद्यार्थी दाटलेले असतात आणि एका चुकीच्या गोळ्याने, म्हणजे गेलेले चार आणि कापलेला एक अशा पाच गुणांनी, क्रमांक हजारोंनी घसरतो. अशा वर्षी कोण आत आणि कोण बाहेर हे ठरण्यात योगायोगाचा वाटा मोठा असतो. दुसरा प्रयत्न हा त्या योगायोगावरचा उतारा आहे.

मात्र हाच हिशेब तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या प्रयत्नाला लागू होत नाही. योगायोग दरवर्षी एकाच मुलाच्या विरोधात जात नाही. म्हणून दुसऱ्या प्रयत्नावर बंधन नको असे मी म्हणेन, आणि चौथ्याचे समर्थन करायला मला कोणतेही गणित सापडत नाही.

खडकवासला

कोचिंगच्या जाहिरातीतल्या फोटोखाली कितवा प्रयत्न ते छापण्याची सक्ती करा. निम्मी चर्चा आपोआप मिटेल.

मिशिगनकर

अमेरिकेतली पद्धत सांगतो, कारण इथे हा प्रश्न निराळ्या तऱ्हेने हाताळला जातो. वैद्यकीय प्रवेशासाठीची एमकॅट परीक्षा पदवीच्या सुमारास देतात. ती एका वर्षात तीनदा, लागोपाठच्या दोन वर्षांत मिळून चारदा आणि आयुष्यात सातदा देता येते, आणि आधीच्या प्रयत्नांचे गुण महाविद्यालयांपासून लपवता येत नाहीत. कोणी ताजे गुण धरतात, कोणी सर्वाधिक, कोणी सरासरी काढतात. गुण चांगले वाढले असतील तर पुन्हा बसणे विद्यार्थ्याच्या बाजूने जाते. तेवढेच राहिले किंवा घटले तर पहिले गुण होते तेच बरे, असे म्हणायची पाळी येते. त्यामुळे इथले विद्यार्थी पुन्हा बसण्याआधी बराच विचार करतात.

ही पद्धत भारतात जशीच्या तशी आणता येणार नाही. इथे प्रत्येक अर्जाची कागदपत्रे माणूस वाचतो. पदवीचे गुण, निबंध, मुलाखत हे सारे एमकॅटसोबत तोलले जाते. भारतात वीस लाखांहून अधिक उमेदवारांची एकच यादी लागते आणि त्या यादीला एक आकडा तेवढा कळतो. तिथे आधीचे प्रयत्न विचारात घ्यायचे तर गुण कापणे हा एकच मार्ग उरतो, आणि गुणकपातीइतकी वादाला निमंत्रण देणारी दुसरी गोष्ट नसेल. किती गुण कापायचे, आजारपणामुळे बुडालेला प्रयत्न मोजायचा का, यावर दरवर्षी उच्च न्यायालयात रांग लागेल. त्या मानाने सरळ मर्यादा राबवायला सोपी, म्हणून मी पाटीपेन्सिल यांच्या बाजूला झुकतो.

चौथी खोली

मी एका ड्रॉप घेतलेल्या मुलीची आई आहे आणि माझे मत मर्यादेच्या बाजूने आहे, मात्र कारण वेगळे आहे. अमर्याद संधी असली की थांबायचे केव्हा हे कोणीच सांगत नाही. शिकवणीवाले सांगणार नाहीत, कारण त्यांची पुढच्या वर्षाची फी त्यावर अवलंबून असते. नातेवाईक ‘एवढ्या जवळ येऊन सोडू नकोस’ म्हणतात. मुलगी स्वतः सांगत नाही, कारण सोडले तर आधीची वर्षे वाया गेली असे तिला वाटते. दरम्यान बीएएमएसला लागलेल्या मैत्रिणी दुसऱ्या वर्षाला जातात आणि ही अजून मानवी शरीरक्रियाशास्त्राच्या त्याच प्रकरणावर असते. नियम असता तर घरात तो निर्णय नियमाच्या तोंडून आला असता.

हेही सांगते की मुलाला तिसरे वर्ष देणारी पुष्कळ घरे मुलीला दुसरेसुद्धा देत नाहीत. अमर्याद संधी कागदावर सगळ्यांना आहे.

मांजराकाठचा

ताई, आपल्या घरातला पेच मी दरवर्षी कार्यालयात बसून पाहतो, त्यामुळे तो खोटा म्हणणार नाही. पण घरात निर्णय घेता येत नाही म्हणून सरकारने सर्वांसाठी तो घ्यावा हे मला पटत नाही. मर्यादा घातली की तिसऱ्या वर्षी ‘ही शेवटची संधी’ या वाक्याचे ओझे मुलाच्या डोक्यावर येते, आणि त्या वर्षी वसतिगृहात काय होऊ शकते हे मला वेगळे लिहायला लावू नका.

पाटीपेन्सिल यांच्या प्रस्तावाचा उत्तरार्ध मात्र मी मान्य करतो. एमबीबीएसची जागा घेतलेल्याने वरचे महाविद्यालय मिळावे म्हणून पुन्हा बसणे, आणि प्रवेश बदलल्यावर मागची जागा रिकामी ठेवणे, यात एका डॉक्टरची जागा वाया जाते. राज्यातले प्रवेश करणाऱ्या सीईटी कक्षाच्या प्रक्रियेत मुदतीनंतर जागा सोडणाऱ्याला दंड आहे, पण पैसेवाल्याला दंडाचे काय? तिथे आयआयटीसारखा नियम आणा; त्याने गरिबाचे काही बिघडत नाही.

पाटीपेन्सिल

म्हणजे उत्तरार्धावर एकमत आहे आणि वाद तिसऱ्यानंतरच्या प्रयत्नांपुरता उरला आहे. २०२४ च्या नीटमधल्या पेपरफुटीच्या गोंधळानंतर केंद्राने नेमलेल्या डॉ. के. राधाकृष्णन समितीनेही नीट टप्प्याटप्प्याने घेण्याचा विचार मांडताना प्रयत्नांच्या संख्येसह चौकट ठरवावी असे सुचवले होते. मी तीनच्या जागी चार स्वीकारायला तयार आहे, लागोपाठच्या वर्षांची अटही सोडतो. आजारपण, घरातला मृत्यू किंवा पैशाअभावी मध्ये पडलेले वर्ष त्यामुळे मोजले जाणार नाही.

गणितमास्तर

चार की तीन हे ठरवण्याआधी एक साधी मागणी करा. निकालाच्या पत्रकात नीट घेणारी संस्था एनटीए लिंग, प्रवर्ग आणि राज्य यांनुसार संख्या देते. कितवा प्रयत्न यानुसार देत नाही. आधीच्या वर्षांच्या अर्जांची नोंद तिच्याकडेच असते. ती जुळवून प्रवेश मिळालेल्यांत पहिला प्रयत्न किती, दुसरा किती, चौथ्याच्या पुढचे किती, आणि त्यांत मराठी माध्यमाचे, सरकारी शाळांचे, मुली किती हे एका वर्षापुरते जरी जाहीर झाले, तरी मांजराकाठचा यांचा शेतकरी आणि पाटीपेन्सिल यांची शेतमजुराची मुलगी यांपैकी कोण किती संख्येने आहे ते दिसेल. चौथ्यानंतरचे शेकड्यात दोन-तीनच निघाले तर मर्यादेने फारसे साधणार नाही. पंधरा-वीस निघाले तर मांजराकाठचा यांना उत्तर द्यावे लागेल.

मांजराकाठचा

देईन. आकडे जिल्हावार मागा, म्हणजे लातूरचेही त्यात येतील.