होलीरूडची गुरुवारची जुगलबंदी: सरकारला जाब की नुसता तमाशा?

क्लाइडकाठ:
होलीरूडला, म्हणजे स्कॉटलंडच्या संसदेत, गुरुवारी दुपारी बाराला फर्स्ट मिनिस्टरवर (तिथल्या सरकारच्या प्रमुखावर) ४५ मिनिटं प्रश्नांची सरबत्ती होते. बघायला मजा येते, पण त्यातून हाती काही लागत नाही असं माझं मत.

फेरीबोटींचंच घ्या. फर्ग्युसन गोदीला २०१५ मध्ये दोन बोटींचं ९ कोटी ७० लाख पौंडांचं कंत्राट मिळालं. २०१७ मध्ये तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांच्या हस्ते त्यातल्या 'ग्लेन सॅनॉक्स'चं जलावतरण झालं तेव्हा तिच्या खिडक्यासुद्धा खऱ्या नव्हत्या, नुसत्या रंगवलेल्या होत्या! प्रवासी घेऊन ती निघाली जानेवारी २०२५ मध्ये. मधली सगळी वर्षं सभागृहात रणकंदन, आणि सरकारचं पालुपद एकच: गोदी वाचवली, नोकऱ्या वाचवल्या.

खरी माहिती आली मार्च २०२२ च्या लेखापरीक्षण अहवालातून. पैसे परत मिळण्याची पूर्ण हमी नव्हती, बोटी घेणाऱ्या सरकारी कंपनीने तसं बजावलंही होतं, तरी मंत्र्यांनी होकार दिला. का दिला याचा पुरेसा कागद नाही. मग संसदेच्या लेखा समितीने साक्षी काढल्या. या समितीचा अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचा असू शकत नाही, नियमच आहे.

खडूस_काका:
अर्धीच गोष्ट सांगितलीत. तो "नसलेला" कागद, म्हणजे मंत्र्यांच्या मंजुरीचा ईमेल, मे २०२२ मध्ये अचानक सापडला. अहवालानंतर विरोधकांनी विषय लावून धरला नसता तर कोणी शोधला असता का? समितीचा अहवाल वाचतं कोण हो? गुरुवारची क्लिप मात्र रात्री बातम्यांत दिसते, आणि सरकार घाबरतं ते तिलाच.

मीनल_एडिनबरा:
काका, क्लिपला घाबरून उत्तर तयार करतात, खरं सांगत नाहीत.
लेखी प्रश्नांबद्दल कोणीच बोलत नाहीये. अधिवेशन चालू असताना साधारण दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "यथावकाश कळवू" छाप उत्तरं येतात, मान्य, पण टाळाटाळही नोंदीवर राहते.

क्लाइडकाठ:
+१. तारांकित प्रश्नांवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे पटायला हवं.

तिरकस:
तुम्ही सगळे बहुमत विसरताय. माजी फर्स्ट मिनिस्टर अ‍ॅलेक्स सॅमंड यांच्याविरुद्धच्या तक्रारी सरकारने कशा हाताळल्या याची संसदीय समिती चौकशी करत होती. सरकारने आपल्याला वकिलांनी दिलेला सल्ला तिच्यापुढे ठेवावा, असा ठराव संसदेने नोव्हेंबर २०२० मध्ये एकदा नाही, दोनदा केला. सरकार ढिम्म. मार्च २०२१ मध्ये तेव्हाचे डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर जॉन स्विनी यांच्यावर अविश्वास ठरावाची वेळ आली तेव्हा कागद बाहेर पडू लागले. सत्ताधारी एसएनपीकडे (स्कॉटिश नॅशनल पार्टी) स्वतःचं बहुमत नव्हतं म्हणून हे जमलं. असतं तर समिती काय नि गुरुवार काय!

आणि समित्या फार निःपक्ष समजू नका. त्याच चौकशीत कळीच्या मुद्द्यावर ५ विरुद्ध ४ अशी फूट पडली.

क्लाइडकाठ:
५-४ असो, साक्षी तर शपथेवर झाल्या ना? गुरुवारी कोण शपथ घेतं?

खडूस_काका:
शपथेवर "आठवत नाही" म्हणता येतं. कॅमेऱ्यासमोर विरोधी नेत्याला तेच सांगून बघा.