कॅमेऱ्यातल्या अर्धवट रोलचं काय?

विमानतळावरच्या क्ष-किरण तपासणीत फोटो फिल्मचे रोल वाचवायला शिशाची पिशवी घेतली की काम झालं, असं म्हणतात, ते पटलं नाही. पडद्यावर काळा ठोकळा दिसला की तपासणारा पिशवी उघडायला लावणार किंवा बॅग पुन्हा यंत्रात ढकलणार. मग उपयोग काय? केबिन बॅगेच्या जुन्या यंत्रांतून ८०० आयएसओच्या (फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) खालचे रोल एकदोनदा गेले तर सहसा बिघडत नाही, हे मान्य. पण नव्या सीटी स्कॅनरमध्ये (अनेक कोनांतून क्ष-किरण टाकणारं यंत्र) एका फेरीतही फिल्मवर धुरकटपणा येऊ शकतो. चेक-इन सामानात तर रोल टाकूच नयेत.

राहून गेलेला मुद्दा म्हणजे कॅमेऱ्यातला अर्धवट रोल. सुटे रोल विनंती केल्यावर बऱ्याचदा हाताने तपासून देतात (डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत ठेवले तर लवकर उरकतं), कॅमेरा मात्र आतून दिसत नाही, त्यामुळे तो यंत्रातूनच घालायचा आग्रह होतो. म्हणून विमानतळाआधीच रोल संपवून गुंडाळून घ्यावा, चार फ्रेम वाया गेल्या तरी चालतील. आणि फोटो काढून झालेला, पण न धुतलेला रोलही तितकाच नाजूक असतो. जमल्यास परतीच्या विमानाआधी तिथेच डेव्हलप करून घ्यावा. धुतलेल्या निगेटिव्हला क्ष-किरणांनी काही होत नाही.