जुळ्या मनोऱ्यांच्या लिफ्टबद्दल थोडी भर

वर एका भाऊंनी लिहिलं आहे की न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांत तळातून एकाच लिफ्टने थेट शेंड्यावर जाता येत असे. पर्यटकांपुरतं ते बरोबर आहे. दक्षिण मनोऱ्यात 107 व्या मजल्यावरच्या, शहर बघायच्या बंदिस्त दालनासाठी वेगळी थेट लिफ्ट होती. तिथून सरकत्या जिन्याने 110 व्या मजल्याच्या उघड्या छतावर जायचं, पण वारा जोराचा असला की तो भाग बंद. उंचावरचं उपाहारगृह मात्र उत्तर मनोऱ्यात होतं. आठवणी सांगताना इथेच बहुतेकांची गल्लत होते.

तिथे नोकरीला असलेल्यांचा प्रवास आपल्याकडच्या एसटीसारखा होता. जलद गाडीने तालुक्याच्या स्टँडवर उतरायचं आणि गावची लोकल धरायची, अगदी तसाच. 44 आणि 78 व्या मजल्यावर बदलीची ठिकाणं होती. तळातून मोठ्या जलद लिफ्टने तिथवर जायचं आणि पुढे लहान लिफ्ट पकडायची. यातली खरी अक्कल अशी की लोकल लिफ्ट एकाच उभ्या पोकळीत एकावर एक अशा तीन टप्प्यांत चालत. प्रत्येक लिफ्ट तळापासून नेली असती तर 110 मजल्यांच्या इमारतीत खालचे मजले नुसत्या पोकळ्यांनीच भरले असते, भाड्याने द्यायला जागा उरली नसती. त्यामुळे लिफ्ट बदलावी लागते ही गैरसोय म्हणणं मला पटत नाही. एवढी उंची परवडली ती त्या बदलीमुळेच.

वरच्या मजल्यांवर डोलल्यासारखं वाटायचं, तो इमारतीचा कमकुवतपणा नव्हता. वाऱ्याने पोलादी सांगाडा थोडा हलणारच. तो झोका शोषायला प्रत्येक मनोऱ्यात सुमारे 10,000 दमक, म्हणजे हेलकावे मंदावणारी उपकरणं, बसवलेली होती.