मदत हवी आहे: ब्यूटिफुल सूप – एकाच टीडीतला मजकूर वेगवेगळा कसा काढायचा?

नमस्कार मंडळी,

घरी कांदा असतो. वेगवेगळ्या बाजार समित्यांचे भाव वडिलांना रोज एका जागी बघता यावेत म्हणून पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहितोय. रिक्वेस्ट्स या लायब्ररीने वेबपान उतरवतो, ब्यूटिफुल सूप या लायब्ररीने त्यातला एचटीएमएल वाचतो. आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर हे रकाने नीट येतात.

अडतंय पहिल्या रकान्यात. टीडीत (टेबलाच्या एका चौकटीच्या टॅगमध्ये) आधी 'लासलगाव' हा मोकळा मजकूर, मग स्पॅन टॅगमध्ये 'उन्हाळी' ही जात, मग बीआर (ओळ तोडणारा टॅग) आणि खाली स्मॉल टॅगमध्ये 'क्विंटल'. डॉट स्ट्रिंगने 'नन' (म्हणजे काहीच नाही) मिळतं. गेट टेक्स्टने 'लासलगावउन्हाळीक्विंटल' असं चिकटून येतं. शिवाय काही ओळींच्या पोटात लाल-पांढऱ्याचं आणखी एक टेबल आहे. फाइंड ऑलने टीआर (टेबलाच्या ओळींचे टॅग) मागितले की तोच मजकूर बाहेरच्या ओळीत एकदा आणि स्वतंत्र ओळ म्हणून पुन्हा एकदा येतो.

अक्षरं मोजून तुकडे पाडायचे नाहीत. 'पिंपळगाव बसवंत' आलं की सगळं मोडेल. काय करावं?

प्रतिसाद १

टॅगच्या आत एकच घटक असेल तरच डॉट स्ट्रिंग चालतं. तुमच्याकडे मजकूर, स्पॅन, बीआर, स्मॉल असे चार आहेत, म्हणून नन.

टीडीवर फाइंड ऑल लावा आणि कंसात स्ट्रिंगला ट्रू, रिकर्सिव्हला फॉल्स द्या. मग ते फक्त थेट आतला मजकूर बघतं, स्पॅनमध्ये शिरत नाही. यादी मिळेल, त्यात नुसत्या रिकाम्या जागांचे तुकडेही असतात, ते स्ट्रिप करून गाळा. जातीसाठी स्पॅन वेगळा फाइंड करा.

स्ट्रिप्ड स्ट्रिंग्जने सगळे तुकडे क्रमाने मिळतात हे खरं, पण एखाद्या ओळीत स्पॅनच नसला तर 'क्विंटल' जातीच्या रकान्यात जाऊन बसेल. भावाच्या तक्त्याला मी ते वापरणार नाही.

प्रतिसाद २

आतल्या टेबलासाठीही रिकर्सिव्ह फॉल्सच, पण टीबॉडीकडे (टेबलाच्या ओळींभोवतीच्या टॅगकडे) लक्ष द्या: तो मध्ये असला तर टीआर टेबलाच्या थेट आत राहत नाहीत. इन्स्पेक्टमध्ये दिसणारा टीबॉडी बऱ्याचदा ब्राउझरने घातलेला असतो, मूळ सोर्समध्ये नसतो. एचटीएमएल वाचणाऱ्या पार्सरांपैकी एलएक्सएमएल आणि पायथनचा स्वतःचा पार्सर तो घालत नाहीत, एचटीएमएल५लिब घालतो. तेव्हा पार्सरचं नाव कोडमध्ये स्पष्ट लिहा, नाहीतर दुसऱ्या मशीनवर टेबल रिकामं येईल.

दर देवनागरी आकड्यांत असतील तरी काळजी नको. पायथन ३ मध्ये इंट (मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन) '१२००' सरळ वाचतं, फक्त स्वल्पविराम आधी काढा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. समिती आणि जात आता वेगळी येते. सोर्समध्ये टीबॉडी नव्हताच, त्यामुळे टेबलवरूनच टीआर घेतले. 'लासलगाव - विंचूर' मात्र जुळत नव्हतं: मधल्या जागा एनबीएसपीच्या (साध्या स्पेससारख्या दिसणाऱ्या, पण वेगळ्या अक्षराच्या) होत्या आणि स्ट्रिप फक्त कडेच्या जागा काढतं. रिप्लेसने साध्या स्पेस केल्या, आता तीही ओळ जुळते.