विषय: पुतणीची पीएचडी आणि कन्सल्टंटचे दोन लाख

नमस्कार मंडळी,
नागपूरला परत आलो तरी आपली ही ईमेल लिस्ट सोडलेली नाही, म्हणून हक्कानं विचारतो. पुतणीनं रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं, नीरीत (इथल्या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेत) प्रोजेक्ट केला. धाकटा पुतण्या समाजशास्त्रात एम.ए. करतोय. रामदासपेठेतला एक कन्सल्टंट इंग्लंडात पीएचडीची सीट मिळवून देतो म्हणतो. त्याचे दोन लाख, शिवाय तिथली फी-बी वेगळी. वहिनी घर गहाण टाकायला निघाल्यात. काय सांगू?
– मनीषनगरचे काका

काका,
त्या कन्सल्टंटला लांबूनच नमस्कार करा. स्वखर्चानं येणाऱ्याला प्रवेश द्यायला बरीच विद्यापीठं तयार असतात. प्रश्न पैसे कोण देणार हा आहे. इंग्लंडात यूकेआरआयच्या (तिथल्या सरकारी संशोधन निधी संस्थेच्या) पैशावरच्या जागा २०२१ पासून परदेशी मुलांनाही खुल्या आहेत, पण साधारण ३० टक्क्यांपर्यंतच. चुरस भयंकर.

इकडे जर्मनीत सायन्सची पीएचडी म्हणजे बहुतेकदा नोकरीच. रीतसर जाहिरात निघते, त्यात ‘टीव्ही-एल ई १३, ६५ टक्के’ असं काहीतरी असतं. टीव्ही-एल ई १३ ही तिथल्या सरकारी वेतनकरारातली पगाराची श्रेणी; म्हणजे त्या श्रेणीच्या पुऱ्या पगाराच्या ६५ टक्के, त्यातून कर, विमा, पेन्शन कापून. रसायनवाल्यांना पुरा पगार क्वचितच, पण एकट्या जिवाचं भागतं आणि घरून काही मागवावं लागत नाही. हॉलंडातही असंच, करार बहुधा चार वर्षांचा.

पुतणीला एक बजावून सांगा: ‘रिस्पेक्टेड सर’वाला एकच मेल शंभर प्राध्यापकांना नको. आमच्या संशोधन ग्रुपला असे मेल रोज येतात. परवाच्या एकात तर भलत्याच प्राध्यापकाचं नाव तसंच राहिलं होतं! नीरीत पाण्याच्या नमुन्यांत काय शोधलं, जीसी-एमएस (नमुन्यातली रसायनं वेगळी करून ओळखणारं यंत्र) स्वतः चालवलं की नुसते नमुने नेऊन दिले, एवढं तीन-चार ओळींत आलं की समोरचा वाचतो.

युरोपियन युनियनच्या मारी क्यूरी डॉक्टरल नेटवर्कच्या (पीएचडीसाठी पैसे देणाऱ्या योजनेच्या) जागाही बघा. ज्या देशात जायचं तिथं आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. जन्मभर नागपुरात राहिल्याचा फायदा कुठं होत असेल तर इथं.

आणि आपल्याकडची नेट परीक्षा दोघांनीही द्यावी. त्यातून जेआरएफ (संशोधनासाठीची सरकारी शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, वर घरभाडं. पुतणीला नीरीतच पीएचडी करता येईल. त्यात कमीपणा कसला?
– ड्रेस्डेनहून, महालातली लेक

काका,
ताईंनी पुतण्याला नुसत्या नेट परीक्षेवर सोडून दिलं, म्हणून लिहितो. समाजशास्त्राचं काम थोडं अवघड आहे खरं. लॅबच्या प्रकल्पात पैसा आधीच आलेला असतो. समाजशास्त्रात मुलाला स्वतःचा संशोधनाचा प्रश्न घेऊन जावं लागतं. अमेरिकेत चांगले विभाग साधारण पाच वर्षं फी माफ करतात आणि स्टायपेंड देतात, बदल्यात वर्ग घ्यायचे आणि पेपर तपासायचे. अर्ज बहुतेक डिसेंबरात. प्राध्यापकाच्या होकारापेक्षा विभागाची कमिटी महत्त्वाची, त्यामुळे स्टेटमेंटवर (काय आणि का शिकायचं, हे सांगणाऱ्या अर्जासोबतच्या निवेदनावर) जीव ओतावा लागतो. ‘मला समाजाची सेवा करायची आहे’ चालत नाही. सिमेंट रस्त्यांच्या कामावरचे मजूर कुठून येतात, मुकादम कसा ठरतो, असं काही त्यानं स्वतः हिंडून पाहिलं असेल तर तेच लिहू दे. अर्जाची फी माफ होते का, हे विभागाला विचारायला लाजू नये.

ऑफर आली आणि कोणी दोन दिवसांत उत्तर मागितलं तर घाबरू नका. बहुतेक मोठ्या विद्यापीठांनी मान्य केलंय की आर्थिक मदतीच्या ऑफरला १५ एप्रिलपर्यंत मुदत द्यायची. स्टेटमेंटचा कच्चा खर्डा मला पाठवा, लाल पेन तयार आहे.
– न्यू जर्सीवाले भाऊ